मुलांच्या मणक्याचे सर्जन कसे ओळखायचे? पालकांकडून वारंवार येणारे प्रश्न

माझ्या लेकीच्या पाठीचं ऑपरेशन होऊन ८ वर्षं झाली. तेव्हापासून ओळखीच्या आणि ओळखीतून आलेल्या पालकांचे फोन येत असतात. त्यातले निम्मे प्रश्न आजाराचे नसतातच, डॉक्टरांचे असतात. हे डॉक्टर नक्की कसले, कुठे शिकले, यांच्या हाती मूल सोपवावं का? मी डॉक्टर नाही. पण ही चौकशी कशी करायची हे मला फार उशिरा कळलं आणि त्याची किंमत लेकीने मोजली. तसं दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून वारंवार येणारे प्रश्न एकत्र करून ठेवते आहे. उपचाराचा निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

१. पीडियाट्रिक ऑर्थोपेडिक स्पाइन सर्जन म्हणजे नेमके कोण? एवढं लांबलचक नाव कशासाठी?

हाडांचे सर्जन झाल्यावर ज्यांनी पुढे मणका आणि वाढत्या वयाची मुलं या दोन्हींचं वेगळं प्रशिक्षण घेतलं, ते. पाठीला पडलेला बाक म्हणजे स्कोलिओसिस, कुबड म्हणजे कायफोसिस, जन्मतःच अर्धवट तयार झालेला मणका, टीबीने खचलेला मणका, स्नायूंच्या आजारामुळे एका कुशीला कलंडलेली पाठ, अशी मुलं त्यांच्याकडे येतात.

'ऑर्थोपेडिक' हा शब्दच मुळात मुलांसाठी जन्मला, हे मला फार आवडतं. १७४१ साली पॅरिसच्या निकोलस आँद्री या वैद्याने 'सरळ' आणि 'मूल' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला. त्याच्या पुस्तकात वाकड्या रोपट्याला काठीचा आधार देऊन दोरीने बांधल्याचं चित्र होतं. जगभरच्या हाडांच्या डॉक्टरांच्या संघटना आजही तेच चित्र बोधचिन्ह म्हणून वापरतात. मोठ्यांचे गुडघे आणि खुबे या शाखेत फार नंतर आले.

२. इथवर पोचायला किती वर्षं शिकावं लागतं?

एम.बी.बी.एस. साडेचार वर्षं आणि इंटर्नशिप १ वर्ष. मग नीट-पीजी देऊन ऑर्थोपेडिक्समध्ये एम.एस. किंवा डी.एन.बी., ३ वर्षं. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून शिकलेल्यांना मध्ये बाँडची सेवाही करावी लागते. त्यानंतर कुणी मोठ्या रुग्णालयात सीनियर रेसिडेंट म्हणून राहतं, कुणी थेट फेलोशिपला, म्हणजे एखाद्या विषयाच्या खास प्रशिक्षणाला जातं. मणक्याची एक आणि मुलांच्या हाडांची एक अशा दोन फेलोशिप केलेलेही असतात.

बारावीनंतर सरळ हिशेब धरला तरी ११-१२ वर्षं जातात. त्यानंतरही मुलाच्या पाठीचं मोठं ऑपरेशन स्वतःच्या जबाबदारीवर करायला लागेपर्यंत सर्जन पस्तिशीच्या आसपास आलेला असतो. तेव्हा "एवढे तरुण कसे?" असं वाटलं तर प्रश्न १० बघा.

३. पाटीवर नावापुढे पाच-सहा पदव्या असतात. त्यातलं काय महत्त्वाचं?

आधी पाया बघा. एम.एस. ऑर्थो किंवा डी.एन.बी. ऑर्थो यांपैकी एक हवीच, आणि दोन्ही बरोबरीच्या मानल्या जातात. डी.ऑर्थो. ही एम.बी.बी.एस.नंतरची २ वर्षांची पदविका. ती करून पुढे डी.एन.बी. केलेले उत्तम सर्जन आहेत. पण फक्त डी.ऑर्थो. असेल तर मुलाच्या मणक्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी तेवढं पुरेसं समजू नका.

एफ.एन.बी. स्पाइन सर्जरी म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची २ वर्षांची फेलोशिप. तिला प्रवेश परीक्षा असते आणि शेवटीही परीक्षा असते, त्यामुळे ती दिसली तर वजन द्या. एम.सीएच. हा शब्द मात्र गोंधळात टाकतो. न्यूरोसर्जरीतली एम.सीएच. ही आपल्याकडची पूर्ण सुपरस्पेशालिटी पदवी आहे. परदेशी विद्यापीठांच्या 'एम.सीएच. ऑर्थो'ला तोच अर्थ नाही, त्यातल्या काही प्रामुख्याने अभ्यासाच्या आणि प्रबंधाच्या असतात. वाईट नव्हेत, पण ती पदवी ऑपरेशन शिकल्याचा पुरावा समजू नये.

आणि एक लक्षात असू द्या. केवळ मुलांच्या मणक्यासाठीची अशी स्वतंत्र पदवी आपल्याकडे नाही. म्हणजे पाटी कितीही नीट वाचली तरी उत्तर अर्धंच मिळतं. उरलेलं प्रश्न ६, ८ आणि ९ मध्ये आहे.

४. "फेलोशिप, जर्मनी", "फेलोशिप, कोरिया" असं लिहिलेलं असतं. त्याला किती मानायचं?

किती दिवसांची होती ते विचारा. फेलोशिप हा शब्द वर्षभर रोज ऑपरेशन थिएटरमध्ये राबलेल्यालाही लागतो आणि ४ आठवडे बाजूला उभं राहून पाहिलेल्यालाही लागतो. पाहूनही खूप शिकता येतं, पण हातात हत्यार घेऊन शिकणं वेगळं.

मी असं विचारते: "सर, ही फेलोशिप किती महिन्यांची? त्यात मुलांच्या पाठीची ऑपरेशनं होती का मोठ्यांची?" दुसरा भाग सोडू नका. स्पाइन फेलोशिपचा बहुतेक वेळ मोठ्यांच्या सरकलेल्या गाद्यांवर आणि दबलेल्या नसांवर गेलेला असू शकतो.

संघटनांचं सदस्यत्व हाही असाच मुद्दा. भारतात मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांची 'पोसी' ही संघटना आहे, मणक्याच्या सर्जनांची 'असी' आहे. स्कोलिओसिस रिसर्च सोसायटी ही १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेली संघटना केवळ मणक्याच्या विकृतींवर काम करते. तिचं पूर्ण सदस्यत्व वर्गणी भरून मिळत नाही, त्यासाठी प्रत्यक्ष काम दाखवावं लागतं. सदस्य नसलेले चांगले सर्जन असतातच, पण सदस्य असतील तर या विषयात मनापासून आहेत असं समजायला हरकत नाही.

५. डॉक्टर खरे आहेत का, नोंदणी आहे का, हे घरबसल्या कसं बघायचं?

प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक असतो. तो चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पावतीवर छापणं डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीत ऑनलाइन नाव किंवा क्रमांक टाकून शोधा. तिथे मूळ पदवीबरोबर पदव्युत्तर पदवी नोंदलेली आहे का, ते मुद्दाम बघा. महाराष्ट्रात दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, तेव्हा मुदतही तपासा.

त्या शाखेची खास पात्रता नसताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घ्यायला डॉक्टरांना मनाई आहे. फेलोशिप मात्र या नोंदवहीत सहसा दिसत नाही. ती दिसली नाही म्हणून लगेच संशय घेऊ नका.

६. मणका तो मणका. मोठ्यांची हजारो ऑपरेशनं केलेला सर्जन मुलाचं करू शकणार नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

मोठ्या माणसाचा मणका जसा आहे तसाच राहणार असतो. मुलाचा वाढतो आहे. जन्मापासून पाचव्या वर्षापर्यंत छाती-कमरेचा कणा वर्षाला २ सेंटिमीटरहून जास्त वाढतो, ५ ते १० या वयात वाढ मंदावून वर्षाला १ सेंटिमीटरच्या आसपास येते, आणि वयात येताना पुन्हा जोर धरते. फुप्फुसातले वायुकोश साधारण आठव्या वर्षापर्यंत वाढत असतात. आता विचार करा, ५ वर्षांच्या मुलाचा बाक स्क्रू-रॉड टाकून सरळ केला आणि मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकले. एक्स-रे सुंदर दिसेल. पण छाती तेवढीच राहील आणि फुप्फुसांना वाढायला जागा मिळणार नाही. पुढे ते मूल धापा टाकेल.

म्हणून लहान मुलांत वाढणारे रॉड वापरतात. दर ६ महिन्यांनी छोटं ऑपरेशन करून ते लांबवायचे. आता चुंबकावर चालणारे रॉडही आहेत, ते चीर न देता बाहेरून लांबवता येतात. दोन्हींचे त्रास आहेत, दोन्हींना वर्षानुवर्षं पाठपुरावा लागतो. दुसरी अडचण अशी की फक्त मागून मणके जोडले आणि पुढची बाजू वाढत राहिली, तर कणा नव्याने पिळत जातो. कुठल्या वयात काय करायचं, किती जोडायचं, किती मोकळं ठेवायचं, हे ज्याला कळतं तो मुलांचा सर्जन.

शिवाय अंग लहान असतं. १५ किलोच्या मुलात एकूण रक्त लिटरभराच्या आसपास. मोठ्या माणसात जो रक्तस्राव किरकोळ वाटेल, तो इथे जिवावर बेतू शकतो. जन्मजात अर्धा मणका असेल तर हृदय आणि मूत्रपिंडंही तपासावी लागतात, कारण गर्भात हे सगळं त्याच आठवड्यांत घडत असतं. अशा बाळाला बघून ज्या सर्जनने आधी टू-डी इको, पोटाची सोनोग्राफी आणि एम.आर.आय. लिहून दिले, त्याला विषय माहीत आहे.

मोठ्यांची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनबद्दल यात काहीही वावगं म्हणायचं नाही. १५-१६ वर्षांच्या, वाढ संपत आलेल्या मुलीचा बाक ते नियमित हाताळत असतील तर निर्धास्त जा. १० वर्षांखालचं मूल असेल तर मात्र मुलांवर काम करणारा सर्जन शोधाच.

७. न्यूरोसर्जनकडे जायचं की ऑर्थोकडे?

पाठ वाकली असेल तर बहुधा ऑर्थो. मज्जारज्जूत काही असेल तर न्यूरो. जन्मतः पाठीवर गाठ असणं म्हणजे स्पायना बायफिडा, मज्जारज्जू खाली अडकलेला असणं, मेंदूचा खालचा भाग मानेत उतरलेला असणं, ही न्यूरोसर्जनची कामं. पण एकाच मुलात दोन्ही असू शकतात. तेव्हा सहसा आधी न्यूरोसर्जन मज्जारज्जू मोकळा करतात, आणि नंतर ऑर्थो पाठ सरळ करतात. दोघं एकमेकांशी बोलतात का, हे दोघांनाही विचारा.

८. पहिल्या भेटीत अनुभव ओळखता येतो का?

बराचसा. ऐन दिवाळीत लेक अंगणात रांगोळी काढायला वाकली होती. मी मागे उभी होते. तिच्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा उंच दिसली, जणू फ्रॉकच्या आत काहीतरी ठेवलं आहे. तेव्हा ती ११ वर्षांची होती. पहिल्या ठिकाणी आम्हाला झोपवून काढलेला एक्स-रे मिळाला, त्यावर बाकाचा कोन मोजलेला नव्हता, आणि "वाढेल तसं सुटेल" असं सांगितलं गेलं. त्यात आमचे १४ महिने गेले. बाक उभ्या एक्स-रेवरच मोजतात हे मला माहीतच नव्हतं.

नंतर जे सर भेटले त्यांनी एक्स-रेचं पाकीट बाजूला ठेवलं. मला नाही, तिला विचारलं, "बाळ, पाळी सुरू झाली का? कधी?" ती लाजली, तेव्हा सिस्टरांनी तिला आत नेऊन विचारलं. पाळी सुरू झाल्यावर मुलीची उंची वाढायची थोडीच वर्षं उरतात, म्हणून हा पहिला प्रश्न. मग चपला काढून उंची मोजली आणि तारखेसह लिहिली. वाकायला सांगून पाठ मागून पाहिली. पोटावर किल्लीचं टोक हलकेच ओढून बेंबी त्या बाजूला सरकते का पाहिलं, दोन्ही बाजूंनी. मज्जारज्जूत काही दडलेलं असेल तर तिथे फरक दिसतो, असं समजावलं. अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग आणि पाठीवर केसांचा पुंजका नाही ना, दोन्ही तळपाय सारखे आहेत ना, हेही बघितलं. एक्स-रे लावला तो त्यानंतर. त्यावर पट्टी ठेवून कोन स्वतः मोजला आणि कमरेच्या हाडाच्या कडेवरून वाढ किती उरली आहे ते दाखवलं. नवा एक्स-रे उभं राहून आणि पाठीमागून पुढे काढायला सांगितला, म्हणजे छातीला किरणं कमी लागतात.

या सगळ्याला २० मिनिटं लागली असतील. तुमच्या डॉक्टरांनी यातलं प्रत्येक पाऊल असंच टाकलं पाहिजे असं नाही. पण मुलाला हात न लावता, फक्त एक्स-रेकडे बघून ऑपरेशनची तारीख दिली, तर थांबा.

९. "तुम्ही अशी किती ऑपरेशनं केलीत?" असं विचारलं तर डॉक्टरांना राग येणार नाही का?

ज्यांनी केली आहेत त्यांना येत नाही, हा माझा अनुभव. आपल्याकडे डॉक्टरांना उलट विचारणं उद्धट वाटतं, सासूबाई तर मला टेबलाखालून चिमटा काढत होत्या. तरी विचारा, अदबीने विचारा.

एकूण आकडा विचारू नका. गेल्या वर्षभरात मुलांच्या पाठीची किती झाली, आणि त्यात आमच्या मुलासारखी किती, हे विचारा. ऑपरेशनच्या वेळी मज्जारज्जूवर लक्ष ठेवणारं मॉनिटरिंग असतं का, ते दर वेळी असतं का? पूर्वी हे यंत्र नव्हतं तेव्हा मध्येच भूल हलकी करून मुलाला पाय हलवायला सांगत. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये रुजलेली ती पद्धत आजही गरज पडली तर वापरतात. मुलांची भूल देणारे भूलतज्ज्ञ आणि मुलांचं आय.सी.यू. त्याच इमारतीत आहे का, प्रत्यक्ष हात कोणाचा असेल, हेही विचारा.

शेवटी त्रासाबद्दल विचारा. जंतुसंसर्ग, पायातली ताकद जाणं, रॉड तुटणं, पुन्हा ऑपरेशन लागणं. "माझ्याकडे असं कधी झालंच नाही" या उत्तरापेक्षा "झालंय, आणि तेव्हा आम्ही हे केलं" या उत्तराने मला जास्त धीर आला.

१०. सर्जन अगदी तरुण आहेत. ज्येष्ठांकडेच जावं का?

वयावर जाऊ नका. नव्या पिढीला मॉनिटरिंग आणि आजचे स्क्रू-रॉड पहिल्या दिवसापासून शिकायला मिळाले आहेत. ज्येष्ठांनी जे अपयश पाहिलेलं असतं ते मात्र पुस्तकात मिळत नाही. अवघड केसमध्ये कुणा ज्येष्ठांना सोबत घेता का, एवढं तरुण सर्जनला विचारा. हो म्हणाले तर ती जमेची बाजू आहे.

११. डॉक्टर ऑपरेशन नको, थांबू म्हणतात. अनुभव कमी असेल म्हणून टाळतात का?

उलटही असू शकतं. थांबायचं कधी हे कळायलाही वर्षं लागतात. १० अंशांच्या आतल्या कोनाला स्कोलिओसिस म्हणतच नाहीत. वाढ शिल्लक असताना २५ ते ४० अंशांच्या आसपास ब्रेसचा, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या कडक पट्ट्याचा विचार होतो, ४५-५० च्या पुढे ऑपरेशनचा. प्रत्येक मुलाचं गणित यात थोडं बदलतं.

ब्रेस हा वेळकाढूपणा नाही. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ब्रेस लावलेल्या मुलांपैकी ७२ टक्क्यांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, न लावलेल्यांत हेच प्रमाण ४८ टक्के होतं. रोज १३ तासांहून जास्त लावणाऱ्यांत यश ९० टक्क्यांच्या पुढे गेलं.

अगदी लहान बाळांसाठी प्लास्टरचं जॅकेट असतं. ती पद्धत घडवणाऱ्या डॉ. मिन मेहता भारतीय वंशाच्या, त्यांनी लंडनजवळच्या स्टॅनमोर इथल्या ऑर्थोपेडिक रुग्णालयात काम केलं. कुठल्या बाळाचा बाक आपोआप जाईल आणि कुठला वाढेल, हे बरगडी आणि मणक्यातल्या कोनावरून ओळखायची रीत त्यांनी १९७२ साली मांडली. २००५ साली त्यांनी १३६ मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात लवकर, म्हणजे दीड वर्षाच्या आसपास आलेल्या मुलांचे बाक वाढीच्याच जोरावर नाहीसे झाले होते. उशिरा आलेल्यांचे कमी झाले, पण गेले नाहीत.

तेव्हा "थांबू" आणि "बघू" यात फरक करा. थांबायला सांगणारा सर्जन पुढच्या एक्स-रेची तारीख देतो आणि किती अंश वाढले तर काय करायचं हेही सांगतो. आमच्या पहिल्या ठिकाणी तारीख दिलीच नव्हती.

१२. अमेरिकेतला भाऊ म्हणतो "बोर्ड सर्टिफाइड" बघ. आपल्याकडे तसं काय असतं?

तिथे ४ वर्षं कॉलेज, ४ वर्षं मेडिकल स्कूल, ५ वर्षं ऑर्थोपेडिक रेसिडेन्सी आणि मग १ वर्षाची फेलोशिप अशी वाट आहे. बोर्डाची लेखी परीक्षा रेसिडेन्सीनंतर होते आणि तोंडी परीक्षा काही काळ स्वतंत्र काम केल्यावर. तोंडी परीक्षेत स्वतः केलेल्या ऑपरेशनांची तपासणी होते. आपल्याकडे एम.एस. किंवा डी.एन.बी. आणि कौन्सिलची नोंदणी हीच पात्रता, तिथला शब्द इथे शोधू नका.

ब्रिटनहून आलेल्यांच्या बाबतीत एवढं लक्षात ठेवा: एम.आर.सी.एस. ही प्रशिक्षणाच्या सुरुवातीची परीक्षा आहे, ट्रॉमा आणि ऑर्थोपेडिक्समधली एफ.आर.सी.एस. शेवटाची. दोन्हींत बऱ्याच वर्षांचं अंतर आहे.

१३. मुलाच्या मणक्याला टीबी झाला होता, औषधांनी बरा झाला. आता कुबड दिसतंय. छातीच्या डॉक्टरांकडे जायचं का?

नाही, मुलांच्या मणक्याच्या सर्जनकडेच, आणि लवकर. मोठ्यांत टीबी बरा झाला की कुबड बहुधा तिथेच थांबतं. मुलांत मात्र जंतू गेल्यावरही वाढीबरोबर ते बदलत राहतं, काहींचं सुधारतं आणि काहींचं वर्षानुवर्षं वाढत जातं. कोणाचं वाढेल हे ओळखण्याच्या एक्स-रेतल्या ४ खुणा कोइम्बतूरचे डॉ. एस. राजशेखरन यांनी मुलांचा १५ वर्षं पाठपुरावा करून २००१ साली मांडल्या. या विषयात जगाला आपल्या देशातल्या सर्जनांनी शिकवलं आहे. टीबीचा कोर्स पूर्ण झाला म्हणून फाईल बंद करू नका, वाढ संपेपर्यंत दाखवत राहा.

१४. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, किंवा ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. तेच सर्जन चालतील का?

सर्जन तेच, पण त्यांच्याभोवतीची माणसं जास्त महत्त्वाची. अशा मुलांना फिट्स, श्वासाचा त्रास, हृदयाचा अशक्तपणा, गिळायला अडचण असू शकते. ऑपरेशनआधी मेंदूविकारतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि फिजिओ या सगळ्यांनी मुलाला बघितलेलं असावं. ड्युशेनमध्ये भुलेची काही औषधं धोक्याची असतात, म्हणून निदान आधीच आणि ठळकपणे भूलतज्ज्ञांना सांगा. वर्षाला अशी किती मुलं करता, हा प्रश्न ९ मधला प्रश्न इथे दुप्पट महत्त्वाचा.

१५. आमच्या जिल्ह्यात असं कुणीच नाही. मग?

बहुतेक जिल्ह्यांत नाहीच. मोठी ऑपरेशनं मुंबई-पुण्यासारख्या शहरांत होतात. पण पहिलं काम गावाजवळ होऊ शकतं. जिल्हा रुग्णालयातल्या ऑर्थोपेडिक सर्जनकडून उभा एक्स-रे करून घ्या, मोजलेला कोन आणि तारीख लिहून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, त्यांना मुलाची पाठ दाखवा आणि पुढे पाठवायची चिठ्ठी घ्या. मुंबईत परळचं वाडिया रुग्णालय १९२९ पासून खास मुलांसाठी आहे, शेजारीच के.ई.एम. आहे. पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, बाहेरच्या कुणाला नको.

ऑपरेशननंतरची टाके, ड्रेसिंग, फिजिओ अशी कामं गावाजवळ कोण बघणार, हे शहरातल्या सर्जनकडूनच ठरवून घ्या.

१६. दोन सर्जन, दोन सल्ले. कोणाचं खरं?

दोघांचंही खरं असू शकतं. कुठल्या मणक्यापर्यंत जोडायचं यावर जाणकारांतही मतभेद होतात. दोघांना एकच गोष्ट विचारा: "दुसऱ्या सरांनी असं सांगितलं, तुम्ही वेगळं का म्हणता?" जो कारण सांगतो त्याच्याकडे माझा ओढा राहील.

सेकंड ओपिनियनसाठी कागद मागायला संकोच करू नका. भरती असताना झालेल्या उपचारांची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागतात. डॉक्टरांनी ती जपून ठेवण्याचं बंधन ३ वर्षांचं आहे, म्हणून मूळ प्रती घरी आणा.

१७. आजी म्हणतात हाडवैद्याकडे नेऊन पाठ बसवून आणू.

नका नेऊ. आजींचा जीव तुटतो म्हणून त्या म्हणतात, त्यांना रागावू नका. पण बाक म्हणजे निखळलेलं हाड नव्हे, तो बसवता येत नाही. टीबीने पोखरलेल्या किंवा जन्मतः कच्च्या मणक्यावर दाब दिला तर पाय कायमचे जाऊ शकतात. मालिशने दुखणं थोडं हलकं होईल, कोन कमी होणार नाही.

१८. मुलगी १८ ची झाली. मुलांचे सर्जन आता बघणार का?

बरेच जण आपण केलेल्या मुलांना पुढेही बघतात, पण मुलांच्या रुग्णालयात वयाची अट असते. आता मोठ्यांचे स्पाइन सर्जन चालतात, अट एवढीच की पूर्ण फाईल त्यांच्यासमोर हवी. ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा एक्स-रे, एम.आर.आय., ऑपरेशन नोट, आणि स्क्रू-रॉडच्या पाकिटावरचे स्टिकर चिकटवलेला कागद. रॉड कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या धातूचा हे त्या स्टिकरवरच कळतं. उद्या एखादा स्क्रू काढायची वेळ आली तर तेच लागतं.

माझी लेक आता २१ ची आहे. फाईल तिच्या कपाटात असते, माझ्या नाही. ऑपरेशन नोटमधली एक ओळ तिने मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवली आहे: "टी-४ ते एल-१". म्हणजे छातीच्या चौथ्या मणक्यापासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंत, एवढे मणके जोडलेले आहेत. पुढे बाळंतपणात किंवा दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनात पाठीत सुई देऊन भूल द्यायची म्हटली, तर भूलतज्ज्ञ सगळ्यात आधी हेच विचारतील.